पाऊस ओसरल्यावर सुरू होणारे काम : जुनी इमारत वर्षभरात सुरक्षित कशी करावी

मुंबई आणि आसपासच्या शहरांत इमारतीच्या सुरक्षेची चर्चा साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे काही करण्याची वेळ निघून गेल्यावर सुरू होते. गच्चीवर घाईघाईने ताडपत्री अंथरली जाते, गटाराच्या चेंबरमधला गाळ काढून तिथेच काठावर ठेवला जातो आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर तो परत आत जातो. खरे तर या कामाचे वर्ष पाऊस ओसरतो तेव्हा, ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायला हवे, कारण ओलीचे डाग त्या वेळी ताजे असतात, पुढे सात महिने कोरडे हवामान असते आणि ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयाची वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच झालेली असल्यामुळे खर्चाचा विषय सभासदांच्या कानावर असतो. पुढील मार्गदर्शन तीस-चाळीस वर्षे जुन्या, चार ते सात मजली, आरसीसी बांधकामाच्या सहकारी सोसायट्यांना नजरेसमोर ठेवून लिहिले आहे.

हे काम सोसायटीने का करावे, महापालिकेने का नाही, असा प्रश्न प्रत्येक सभेत एक जण तरी विचारतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास पावसाची नोंद झाली. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती आणि ती क्षमता दुप्पट करून ताशी ५० मिलिमीटर करावी, अशी शिफारस शहराच्या पर्जन्यजल निचऱ्याविषयीच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच केली होती. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पंपिंग स्टेशने उभी राहिली, हिंदमाता परिसरातील पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्याही बांधल्या गेल्या. परंतु ताशी ५० मिलिमीटरच्या पुढचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तर पाणी कुठेतरी थांबणारच. ते आपल्या जोत्याखाली किती वेळ थांबते आणि तिथे काय बिघडवते, हे बव्हंशी आपल्याच हातात असते.

पहिले काम म्हणजे इमारत पायी फिरून पाहणे. मंजूर नकाशाची प्रत, खडू, बॅटरी, छोटी हातोडी आणि फोटो काढण्यासाठी मोबाइल एवढे साहित्य पुरते. गच्चीपासून सुरुवात करून खाली यावे, कारण पाणीही त्याच वाटेने येते. गच्चीच्या उताराची दिशा, पन्हळींची तोंडे, पाण्याच्या टाकीखालचे बीम, कठड्याच्या मुळाशी उगवलेली पिंपळाची रोपे, प्रत्येक मजल्यावरील छज्जे, मोऱ्या-संडासांच्या मागच्या डक्ट आणि शेवटी तळमजल्यावरचे कॉलम, असा क्रम ठेवला म्हणजे काही सुटत नाही. प्लास्टरवर हातोडीने हलके ठोकावे. पोकळ आवाज आला तर त्या जागी खडूने गोल करून फोटो काढावा आणि फोटोसोबत मजला व कॉलमचा क्रमांक लिहावा. क्रमांक न लिहिलेले दोनशे फोटो पुढच्या वर्षी कुणाच्याही उपयोगाचे नसतात, हे अनुभवाने सांगतो.

सगळ्या तड्यांना सारखेच घाबरण्याचे कारण नाही. प्लास्टरवरचे जाळीसारखे बारीक तडे बहुधा वरवरचे असतात. कॉलमच्या कोपऱ्यालगत उभा जाणारा तडा मात्र आतल्या सळईची रेघ दाखवतो. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते, आजूबाजूचे काँक्रीट त्या दाबाने फाटते, फटीतून आणखी पाणी आणि हवा आत जाते आणि गंजण्याचा वेग वाढत जातो. बीमच्या टोकाजवळचा, तिरपा जाणारा तडा, सज्जाच्या मुळाशी वरच्या बाजूने पडलेला आडवा तडा आणि अचानक अडकू लागलेली दारे-खिडक्या, या तीन गोष्टी दिसल्या तर यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे. तडा वाढतो आहे की नाही, याची शंका असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून बाजूला तारीख लिहावी. पट्टी तडकली तर तडा जिवंत आहे असे समजावे.

तळमजल्यावरचे कॉलम तपासणीतून हमखास सुटतात. दुकानांत त्यांच्यावर लाकडी पॅनेल असते, प्रवेशद्वाराशी ग्रॅनाइट लावलेला असतो आणि पार्किंगमध्ये खालच्या दोन फुटांवर टाइल्स. जमिनीतली ओल आणि गाडी धुण्याचे पाणी नेमके तिथेच मुरते. सजावट काढायला दुकानदार राजी नसतात, हे खरे. पण सर्वाधिक भार वाहणारा भाग न पाहता दिलेला अहवाल घेऊन करायचे काय?

यानंतर रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे अभियंत्याकडून इमारतीच्या सांगाड्याची तपासणी येते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचना स्थिर असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते आणि सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींसाठी पाच वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतींसाठी तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितले आहे. महापालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच नेमणूक करावी आणि दुरुस्तीचा ठेकेदार त्याने सुचवलेला किंवा त्याच्याशी संबंधित नसावा. कोणत्या चाचण्या, किती ठिकाणी आणि कोणत्या मजल्यांवर होणार, हे नेमणूकपत्रातच लिहून घ्यावे. नाहीतर ‘दृश्य पाहणीनुसार’ या दोन शब्दांवर अहवाल संपतो.

चाचण्यांची नावे अवघड वाटली तरी त्यांचे काम समजून घेणे अवघड नाही. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, त्यामुळे एकट्या त्याच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नये. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात; हा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास असेल तर काँक्रीट उत्तम आणि तीन किलोमीटरच्या खाली गेला तर आत पोकळी किंवा तडे असल्याचा दाट संशय. हाफ-सेल चाचणी सळईच्या गंजाचा अंदाज देते. तांबे–मोरचूद विद्युतघटाच्या तुलनेत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे, म्हणजे अधिक ऋण असेल, तर गंजण्याची क्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. मला सर्वांत बोलकी वाटते ती फिनॉल्फ्थॅलीनची साधी चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण शिंपडले की जिथे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे तिथे गुलाबी रंग येतो आणि जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो नाहीसा केला आहे तिथे रंग येत नाही. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला असेल, तर सळईचे संरक्षक कवच गेले आहे, हे सभासदांना भाषणाशिवाय समजते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या इमारतीत याच्या जोडीला क्लोराइडचे प्रमाणही तपासून घ्यावे, कारण खारे वारे कार्बन डायऑक्साइडची वाट पाहत नाहीत.

मुंबईत अहवालाच्या शेवटी इमारतीला एक वर्ग मिळतो. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी; ‘सी-२ए’ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती; ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती; आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पुनर्विकासाचे वेध लागलेल्या सोसायटीत वर्ग मिळण्याआधीच तो कुणाला कोणता हवा आहे, हे ठरलेले असते, आणि दोन गटांनी दोन अभियंत्यांकडून परस्परविरोधी अहवाल आणल्याची उदाहरणे कमी नाहीत. अशा वेळी प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येते. परंतु निर्णय येईपर्यंत संशयित स्लॅब-बीमला पोलादी टेकू देण्याचे काम दोन्ही गटांनी मिळून ताबडतोब करावे, कारण टेकूचा खर्च दोन्ही अहवालांपेक्षा स्वस्त पडतो.

ऑडिटइतकेच महत्त्वाचे, पण बहुतेक सोसायट्यांत दुर्लक्षित असलेले काम म्हणजे वाढलेल्या भाराचा आणि फेरबदलांचा हिशेब. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम सुरू होते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना खालच्या भिंतीत काय चालले आहे, हे कळण्याचा मार्ग असायलाच हवा. त्यामुळे अंतर्गत नूतनीकरणाच्या प्रत्येक अर्जासोबत काय तोडणार याचा नकाशा घ्यावा, ब्रेकर लावण्यापूर्वी कॉलम-बीमवर तांबड्या रंगाने फुल्या माराव्यात आणि काम सुरू असताना समितीचा एक सदस्य व अभियंता यांना आत येऊन पाहण्याची परवानगी अर्जातच लेखी घ्यावी.

भाराचे गणित घरच्या घरी करता येते. ये-जा असलेल्या गच्चीचा वापराचा भार आरेखनात साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो आणि राहत्या खोलीचा २०० किलो धरतात. आता गच्चीवर बागेसाठी १५ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर टाकला, तर ओली माती घनमीटरला सुमारे १८०० किलो भरत असल्यामुळे प्रत्येक चौरस मीटरवर २७० किलो येतात; कुंड्या, झाडे आणि पाणी घालायला गेलेली माणसे वेगळीच. गळती थांबत नाही म्हणून जुना कोबा न काढता त्यावर दहा सेंटिमीटरचा नवा कोबा चढवला, तर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो वाढतात, आणि अनेक जुन्या गच्च्यांवर असे दोन-दोन थर सापडतात. म्हणून नवे वॉटरप्रूफिंग करताना जुना थर काढणे ही अट निविदेत घालावी, ठेकेदार कितीही टाळाटाळ करो. अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी बसवणे म्हणजे पाच टन वजन ठेवणे आहे, हेही सांगून ठेवावे.

प्रत्यक्ष दुरुस्ती जानेवारी ते मे या काळात उरकावी. आधी ओलीचे मूळ बंद करावे, म्हणजे गळकी पाइपलाइन बदलावी, मोऱ्यांचे व गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे आणि मगच काँक्रीटला हात लावावा. उलट क्रमाने केलेली दुरुस्ती तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगते. टेकू दिल्यानंतर सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, गंज घासून सळई स्वच्छ करणे, बरीच झिजली असेल तर जोडसळई देणे, गंजरोधक लेप लावणे आणि अभियंत्याने सांगितल्याप्रमाणे पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरणे, हा क्रम आहे. यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीखाली झाकली जाते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून आणि अभियंत्याची सही घेऊनच पुढे जाऊ द्यावे आणि ठेकेदाराची बिले त्या सह्यांशी जोडावीत. गंजलेल्या सळईवर थेट सिमेंटचा गिलावा मारून रंग देणारा ठेकेदार सर्वांत कमी दराची निविदा भरतो, यात नवल नाही. पैशांसाठी आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमा होणे अपेक्षित असते. तो वर्षानुवर्षे जुन्याच रकमेवर आकारला जात असेल, तर दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक सभासदावर एकरकमी मोठा बोजा येतो आणि काम त्याच वादात अडकते.

आगीबाबत वेळापत्रक कायद्यानेच ठरवून दिले आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची आहे आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र अग्निशमन दलाला सादर करावे लागते. प्रमाणपत्राच्या दिवशी समितीच्या दोन सदस्यांनी सोबत राहून पंप स्वतः चालू करून पाहावा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळीतून पाणी जोराने येते का, ते बघावे. लहान इमारतींत अशी यंत्रणा नसते. तिथे प्रत्येक मजल्यावर एबीसी पावडरचे उपकरण, मीटर खोलीजवळ कार्बन डायऑक्साइडचे उपकरण आणि प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढे तरी असावे. मीटर खोली बहुधा जिन्याखाली असते आणि तिथेच जुने गाद्या-कपाट साठवलेले असते; शॉर्टसर्किट झाले की सुटकेच्या एकमेव वाटेत धूर भरतो. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला, आणि त्यांतले बरेच जण प्रसाधनगृहात अडकून धुराने गुदमरले. म्हणून जिन्यातल्या सायकली, चपलांची कपाटे आणि बंद केलेल्या जाळ्या हटवणे, तसेच विजेच्या उभ्या डक्टमधील मजल्या-मजल्यावरची भोके आगरोधक साहित्याने बंद करणे, ही कामे नव्या उपकरणांच्या आधी करावीत. आवारात अग्निशमन गाडी फिरण्यासाठी रुंद, मोकळी वाट ठेवावी. ती वाट रात्री अकरा वाजता बघावी, कारण सगळ्या गाड्या तेव्हाच उभ्या असतात.

मेअखेरीस पाण्याची तयारी पूर्ण व्हायला हवी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्यामुळे १००० चौरस मीटरच्या आवारात ताशी ५० मिलिमीटरने पाऊस पडला तर तासाला पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर पाणी जमा होते. संपूर्ण आवार काँक्रीट किंवा टाइल्सने मढवले असेल, तर ते सगळे गटारात जाते आणि गटार भरलेले असेल तर परत फिरते. पार्किंगचा काही भाग सच्छिद्र पेव्हरचा ठेवणे, गच्चीचे पाणी गाळून पुनर्भरण खड्ड्यात किंवा टाकीत घेणे आणि झाडांच्या बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवणे, यांमुळे पहिल्या अर्ध्या तासाचा भार तरी कमी होतो.

तुमच्या आवारात आजवर पाणी सर्वांत उंच कुठपर्यंत आले होते, ती खूण जुन्या रहिवाशांना विचारून भिंतीवर कायमची रंगवावी. विजेचे मीटर, पंपाचे स्टार्टर आणि जनरेटर त्या खुणेच्या किमान दोन फूट वर नेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज उन्हाळ्याआधीच करावा, कारण परवानगीला वेळ लागतो. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण रबरी पट्टी लावून घट्ट बसवावे आणि टाकीचा काठ उंच करावा. पुराचे पाणी त्यात शिरले तर साफसफाई व निर्जंतुकीकरण होईपर्यंत ते पिऊ नये. तळमजल्याच्या सांडपाण्याच्या नळीवर परतझडप बसवली नाही, तर रस्त्यावरची गटारे भरताच संडासातून पाणी उलटे वर येते. मुसळधार पावसाचा इशारा असताना लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी, म्हणजे खड्ड्यात पाणी साचले तरी केबिन वाचते. भरतीचे तक्ते आधीच प्रसिद्ध होतात. त्यातील साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात, कारण त्या तासांत पाणी समुद्रात उतरत नाही.

रस्त्यावरचे पाणी लवकर जावे म्हणून मॅनहोलचे झाकण काढण्याची आपल्याकडे सवय आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोड परिसरात अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतील एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. वॉचमनला स्पष्ट बजावावे की झाकण काढायचे नाही, आणि कुणी काढलेले दिसले तर तिथे उभे राहून १९१६ या महापालिकेच्या क्रमांकावर कळवायचे. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक औषधासाठी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटावे.

उतारावर वसलेल्या सोसायट्यांनी संरक्षक भिंतीकडे वेगळे लक्ष द्यावे. जून २०१९ च्या अखेरीस पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या वस्तीवर कोसळून १५ जण मरण पावले आणि तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाडा येथे भिंत पडून त्याहून मोठी दुर्घटना घडली. भिंतीमागची माती पाण्याने भरली की दाब खोलीबरोबर वाढतो आणि एकूण ढकल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दोन मीटरऐवजी चार मीटर पाणी साचले तर ढकल चौपट होते. भिंतीतली पाणी निघण्याची भोके याच कारणासाठी ठेवलेली असतात. ती मातीने, मुळांनी किंवा रंगकाम करताना सिमेंटने बुजलेली असतील तर मे महिन्यात गजाने मोकळी करावीत, आणि पहिल्या पावसात त्यांतून पाणी वाहते का, ते पाहावे. भिंत बाहेरच्या बाजूला फुगलेली असेल, तर पलीकडच्या वस्तीला आधी सांगावे आणि मग प्रभाग कार्यालयाला पत्र द्यावे.

हे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत : मंजूर नकाशे, मूळ संरचना आराखडे मिळाले असतील तर ते, सर्व ऑडिट अहवाल, चाचण्यांचे मूळ आकडे, दुरुस्तीचे टप्प्याटप्प्याचे फोटो, ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्रे, नूतनीकरणाच्या परवानग्या आणि एकट्या राहणाऱ्या, जिना उतरू न शकणाऱ्या रहिवाशांची मजलानिहाय यादी. फाइलची एक प्रत सेक्रेटरीकडे, एक दुसऱ्या मजल्यावर किंवा त्याच्या वर आणि एक स्कॅन करून समितीच्या मेलवर असावी. सोसायटीचे कार्यालय तळमजल्यावर असते, आणि २००५ च्या पुरात अनेक सोसायट्यांचे इमारतीचे नकाशे तिथल्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजून गेले.